घरगुती राउटरवरील पॅकेज मॅनेजर

घरातील संगणक व मोबाइल यांना इंटरनेटशी जोडणारा राउटर हा वस्तुतः एक छोटा संगणकच असतो. त्याचा कारभार चालविणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. उत्पादकाने फर्मवेअरमधील सुधारणा थांबविल्यास सुरक्षेतील त्रुटी तशाच राहतात आणि सुस्थितीतील यंत्रही धोक्याचे ठरते. मुक्त फर्मवेअर हा त्यावरील एक उपाय होय.

याची सुरुवात लिंक्सिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ या राउटरपासून झाली. २००२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या यंत्रात लिनक्स वापरल्याचे २००३ मध्ये उघड झाले. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार अशा सॉफ्टवेअरचा सोर्स कोड ग्राहकांना उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. कंपनीने त्याच वर्षी तो खुला केला आणि त्याच्या आधारे २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प उभा राहिला.

या प्रकल्पाच्या फर्मवेअरमध्ये पॅकेज मॅनेजर अंगभूतच असतो. हवा तो प्रोग्राम आणि त्यास लागणारे पूरक घटक तो सर्व्हरवरून आणून बसवितो; त्यासाठी संपूर्ण फर्मवेअर बदलावे लागत नाही. आरंभी ‘आयपीकेजी’, नंतर ‘ओपीकेजी’ हे मॅनेजर वापरात होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विकासाधीन आवृत्तीने ‘एपीके’ स्वीकारला.

असूसच्या राउटरसाठीच्या ‘मर्लिन’सारख्या फर्मवेअरवर ‘एंटवेअर’ हा संग्रह बसविता येतो. त्यासाठी लिनक्सच्या ‘ईएक्सटी’ पद्धतीने फॉरमॅट केलेला यूएसबी ड्राइव्ह लागतो. राउटरच्या प्रोसेसरशी जुळणारी आवृत्ती त्यावर ‘ऑप्ट’ या फोल्डरमध्ये बसविली जाते. त्यामुळे मूळ फर्मवेअरला धक्का लागत नाही आणि राउटरची अपुरी साठवणही अडसर ठरत नाही.

काही पथ्ये मात्र आवश्यक आहेत. फर्मवेअर बदलताना वीज गेल्यास राउटर निकामी होऊ शकतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये सर्व पॅकेजेस एकदम अद्ययावत करणे टाळावे. मूळ प्रती केवळ वाचता येणाऱ्या भागातच राहतात, नव्या प्रती उरलेली थोडी जागा व्यापतात आणि परस्परांशी न जुळणाऱ्या आवृत्त्यांमुळे यंत्र बंद पडू शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एंटवेअरमधील प्रोग्राम नवे असले तरी त्याखालील फर्मवेअर जुनेच राहते. त्यातील त्रुटी पॅकेज मॅनेजर दूर करीत नाही; त्यासाठी फर्मवेअरचीच नवी आवृत्ती बसवावी लागते.