घाटमाथ्यावरची बोट

कर्जतला गाडीला मागून इंजिन लागतं, घाट सुरू होतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो. भरती झालात आरमारात. मालवणात ‘आये, बोटीर जातंय’ म्हणून पाया पडून निघालात. मग ही माणसं तुम्हाला डोंगरात कशाला नेतायत?

1945 चा पावसाळा आहे. लोणावळ्याला उतरता उतरताच पाऊस कॉलरमधून थेट कमरेपर्यंत पोचतो. भुशी धरणाच्या बाजूने, धुक्यात पुढच्या भिडूची पाठ धरून चालत राहा. फाटक येईल. गेल्या फेब्रुवारीत सुरू झालेलं आरमाराचं हे प्रशिक्षण केंद्र, ‘एचएमआयएस शिवाजी’. इंग्रज बादशहाचं आरमार आणि नाव महाराजांचं! हसा, पण तोंड फिरवून, चीफ म्हणजे आपला उस्ताद बघतोय.

आता जमिनीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली. फाटकाबाहेर पडलात की तुम्ही ‘किनाऱ्यावर’ गेलात. दर्या मात्र घाटाखाली, कोसभर नव्हे, चांगला लांब.

पहाटे शिट्टी कानात घुसते. चादर ओली, मोजे ओले, बुटांवर हिरवी बुरशी. बरॅकमध्ये ओल्या लोकरीचा आणि पन्नास जणांच्या घामाचा वास एकत्र शिजलेला. पळत वर्कशॉपमध्ये शिरलात की नाकाला तेल आणि तापलेलं लोखंड झोंबतं. बरं वाटतं, कारण निदान इथे कोरडं आहे.

तुमच्या हाती काय येतं? कानस. समोर व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा ओबडधोबड तुकडा. त्याचा चौकोन करायचा. बस्स. तुम्हाला वाटतं, तासाभराचं काम. घासा. खर्र, खर्र, खर्र. शेजारीपाजारी सगळेच घासतायत. दात शिवशिवतात, आवाज हाडांत उतरतो. कीस नखांत जातो, जेवताना भातात लागतो. तळहाताला फोड येतो, फुटतो, त्यावर दुसरा येतो. गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरा. फटीतून केसाएवढा उजेड आला? पुन्हा घासा. एक कडा सरळ केली की दुसरी गोल होते. हात डोलतो हो, खांद्यातून डोलतो. कानस आडवी, सपाट चालली पाहिजे, हे कळायलाच आठवडे जातात.

शेजारचा पोरगा मद्रासचा. त्याला मराठी येत नाही, तुम्हाला तमिळ. मोडक्या हिंदुस्थानीवर दोस्ती जमलीय. चीफ मागे येऊन उभा राहिला की तो पुटपुटतो, “एम्डन!” 1914 मध्ये याच नावाच्या जर्मन जहाजाने रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. तिकडे अजून त्या नावाने पोरं गप्प करतात म्हणे.

दुपारी वर्गात फळ्यावर बॉयलर. खडूने काढलेल्या ज्वाळा, खडूची वाफ. पाणी कुठवर आहे ते आधी बघ, मग बाकीचं, असं चीफ बजावतो. भट्टीची धग ऐकत तुम्ही थंडीने कुडकुडताय.

मग परत कानस. आज चीफ तुमचा चौकोन उचलतो, कॅलिपर लावतो. कडा चारही सरळ. पण घासून घासून तुकडाच मापापेक्षा लहान झालाय. तो भंगाराच्या पेटीत खणकन पडतो आणि व्हाइसमध्ये नवा, ओबडधोबड तुकडा येतो.

शिट्टी झाली! कानस ठेवा, धावा. मद्रासी केव्हाच सुटलाय. तो भाताचा माणूस, तुम्हीही भाताचे. आणि गॅलीत भात आधी संपतो.