रांगेचं गणित: टेलिफोनपासून वेबसाइटपर्यंत

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर झाला. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून गुण दिलेले होते आणि निकाल पाहायचा होता तो इंटरनेटवर. पंधरा लाखांहून अधिक मुलं, त्यांचे पालक आणि शिक्षक एकाच वेळी त्या संकेतस्थळांवर गेले आणि संकेतस्थळं कोलमडली. पुढचे काही तास अनेकांना निकाल दिसलाच नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो दिवस आठवत असेल.

इतके लोक येणार हे ठाऊक असताना, एवढी गर्दी झेपेल की नाही हे आधी तपासून पाहता येत नाही का? येतं. त्यासाठी खास साधनं आहेत आणि त्यातली बरीचशी फुकट मिळतात. संगणकाच्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. मग ते साधन खोटी गर्दी उभी करतं, वेबसाइटकडे हजारो मागण्या पाठवतं आणि उत्तरं यायला किती वेळ लागला ते मोजून सांगतं. मात्र त्या ओळीत कोणते आकडे घालायचे हे ठरवताना, माणसं कशी येतात याविषयी आपण काहीतरी गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक चुकलं तर मोजमाप कितीही काटेकोर असलं तरी उत्तर खोटं येतं. या गृहीतकाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो सुरू होतो एका शिक्षकापासून.

शिक्षक टेलिफोन कंपनीत जातो

अग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १८७८ साली डेन्मार्कमध्ये झाला. वडील गावातल्या शाळेत शिक्षक होते. एर्लांग १९०१ साली कोपनहेगन विद्यापीठातून गणिताचे पदवीधर झाले आणि पुढची काही वर्षं त्यांनीही शाळांमध्ये शिकवलं. गणिताचा नाद मात्र सुटला नाही. गणितप्रेमींच्या मंडळात त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन कोपनहेगन टेलिफोन कंपनीत वरिष्ठ अभियंता होते आणि स्वतः उत्तम गणिती होते. १९०८ साली एर्लांग त्या कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढचा प्रश्न पैशाचा होता. लाइन कमी टाकल्या तर ग्राहकांना फोन लागत नाही, जास्त टाकल्या तर तारा नुसत्या पडून राहतात. मग टाकायच्या किती?

एक सोपं उदाहरण घेऊ. एका गावातून तासाला सरासरी ३० फोन होतात आणि प्रत्येक बोलणं सरासरी २ मिनिटं चालतं. म्हणजे तासाभरात ६० मिनिटांचं बोलणं. तासात मिनिटंही ६०च. तेव्हा एक लाइन पुरेल, असं वर्गातली बहुतेक मुलं सांगतील. फोन करणारे एकामागून एक, शिस्तीत आले असते तर ते बरोबरही ठरलं असतं. पण माणसं एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. एखादं मिनिट कोणीच येत नाही, एखाद्या मिनिटात तिघं येतात. १९०९ सालच्या निबंधात एर्लांग यांनी दाखवलं की अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या फोनची संख्या प्वासाँ वितरणाप्रमाणे बदलते. मिनिटाला सरासरी एक फोन येत असेल, तर सुमारे ३७ टक्के मिनिटं रिकामी जातात आणि सुमारे ८ टक्के मिनिटांत तीन किंवा जास्त फोन येतात.

१९१७ साली त्यांनी पुढचं सूत्र दिलं. आपल्या उदाहरणापुरतं ते आठवीतल्या मुलांनाही करून पाहता येईल. १, १, १/२, १/६, १/२४ अशी ओळ लिहा. एक लाइन असेल तर दुसरं पद घ्या आणि तिथपर्यंतच्या बेरजेने भागा: १ भागिले २, म्हणजे निम्मे फोन लागणारच नाहीत! दोन लाइन असतील तर १/२ भागिले अडीच, म्हणजे पाचातला एक. तीन लाइनना सोळातला एक, चार लाइनना पासष्टातला एक. सरासरीने जिथे एक लाइन ‘पुरते’, तिथे बरी सेवा द्यायला चार लागतात. १९२९ साली एर्लांग वारले. १९४६ साली टेलिफोनवरील ताणाच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचं नाव देण्यात आलं. वरच्या उदाहरणातला ताण बरोबर १ एर्लांग आहे.

या सूत्राच्या पोटात दोन गृहीतकं आहेत. माणसं एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात हे एक, आणि फोन लागला नाही की माणूस निमूटपणे निघून जातो हे दुसरं. ही दोन्ही लक्षात ठेवू.

नळावरची दोन प्रकारची गर्दी

आता सुमारे ऐंशी वर्षं पुढे येऊ. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचं वर्ल्ड वाइड वेब लोकांसाठी खुलं झालं. वेबपानं मागवण्याची आणि पाठवण्याची जी रीत ठरली तिचं नाव एचटीटीपी. टेलिफोन केंद्राची जागा आता सर्व्हर नावाच्या संगणकाने घेतली. १९९५ साली अपाची हा फुकट मिळणारा सर्व्हर आला. त्याच्यासोबत मिळणारं ‘अपाची बेंच’ किंवा थोडक्यात ‘एबी’ हे गर्दी उभी करणारं साधन मूळचं १९९६ सालचं, झ्यूस टेक्नॉलॉजी या कंपनीतल्या अॅडम ट्विस यांनी लिहिलेलं. आजही ते सर्रास वापरलं जातं.

एबीला मुख्यतः दोन आकडे सांगायचे असतात. ‘एन’ म्हणजे एकूण मागण्या किती आणि ‘सी’ म्हणजे एका वेळी किती. एन १०००, सी १० असं सांगितलं, की ते जणू दहा खोटी माणसं तयार करतं. प्रत्येक जण एक पान मागतो, ते मिळेपर्यंत थांबतो आणि मिळताच लगेच पुढचं मागतो. अशा हजार मागण्या झाल्या की हिशेब पडद्यावर येतो.

यात अडचण कुठे आहे? शाळेतल्या पाण्याच्या नळावर प्रयोग करून पाहा. दहा मुलांना पेले द्या. प्रत्येकाने पेला भरायचा, ओतायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. आता नळ निम्मा बंद करा. रांग किती वाढेल? मुळीच नाही. मुलंच दहा आहेत, तेव्हा रांगही जास्तीत जास्त दहाची. नळ मंदावला की मुलंही मंदावतात.

आता दुसरा प्रकार. घड्याळ लावून दर ५ सेकंदांनी एक नवं मूल नळावर पाठवा. पेला भरायला ६ सेकंद लागतात असं समजू. मिनिटाला १२ मुलं येतात आणि १० जातात. रांग दर मिनिटाला दोनने वाढते आणि पंधरा मिनिटांच्या सुट्टीअखेर तीस मुलं ताटकळत असतात. फरक सेकंदाचाच, पण रांग थांबायचं नाव घेत नाही.

पहिल्या प्रकाराला ‘बंद’ पद्धत म्हणतात, दुसऱ्याला ‘खुली’. एर्लांग यांचे टेलिफोनवाले खुल्या पद्धतीने येत होते. वेबसाइटवर येणारी माणसंही तशीच येतात. आधीच्या माणसाचं काम झालं का, हे पुढच्याला ठाऊक नसतं. एबीची खोटी माणसं मात्र बंद पद्धतीची, म्हणजे अतिशय समंजस. सर्व्हर सेकंदाच्या शंभराव्या भागात उत्तर देत असेल तर दहा जण मिळून सेकंदाला १००० मागण्या करतात. सर्व्हर दमला आणि उत्तराला पूर्ण सेकंद लावू लागला, की तेच दहा जण सेकंदाला फक्त १० मागण्या करतात. सर्व्हर थकला की चाचणी त्याला विश्रांती देते!

वेग आधी ठरवा

ही गोष्ट १९९७ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातील गौरव बंगा आणि पीटर ड्रुशेल यांनी स्पष्टपणे मांडली. उत्तराची वाट पाहत बसणाऱ्या मोजक्या खोट्या माणसांच्या मदतीने सर्व्हरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकताच येत नाही, हे त्यांनी दाखवलं. आणि कोलमडण्याचा धोका तर कुवतीच्या पलीकडेच असतो. पुढच्याच वर्षी ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतले डेव्हिड मॉसबर्गर आणि टाय जिन यांनी ‘एचटीटीपर्फ’ हे साधन प्रसिद्ध केलं. त्यात ‘रेट’ नावाची सूचना होती. सेकंदाला किती नव्या जोडण्या करायच्या ते आधी सांगायचं. सर्व्हर उत्तर देवो न देवो, मागण्या त्या वेगाने जात राहतात. किती वेळ वाट पाहून मागणी फुकट गेली असं मानायचं, तेही ‘टाइमआउट’ या सूचनेने सांगता येतं.

बंद पद्धतीचा आणखी एक दोष उशिरा ध्यानात आला. एकच खोटा माणूस घेऊ. पहिलं एक मिनिट सर्व्हर दर मागणीला सेकंदाचा शंभरावा भाग घेतो. म्हणजे ६००० मागण्या झाल्या. मग सर्व्हर पूर्ण एक मिनिट गोठतो. या मिनिटात आपल्या माणसाची एकच मागणी अडकून राहते. हिशेब काय येतो? ६००१ मागण्या, एकूण वेळ १२० सेकंद, सरासरी ०.०२ सेकंद. निकाल झकास! आता खरी माणसं सेकंदाला शंभर या वेगाने आली असती तर काय झालं असतं? दुसऱ्या मिनिटात आणखी ६००० जण आले असते आणि गोठण संपताच सगळ्यांना एकदम उत्तर मिळालं असं धरलं, तरी प्रत्येकाला सरासरी ३० सेकंद थांबावं लागलं असतं. सर्व १२,००० जणांची सरासरी येते १५ सेकंद. कुठे ०.०२ आणि कुठे १५! जे लोक वाट पाहत राहिले असते, त्यांच्या मागण्या चाचणीने पाठवल्याच नाहीत, मग त्या मोजणार कोण? गिल टेने यांनी या चुकीला नाव दिलं, तिच्याविषयी बरीच जागृती केली आणि विल ग्लोझर यांच्या ‘डब्ल्यूआरके’ या साधनात बदल करून ‘डब्ल्यूआरके-२’ तयार केलं. त्याला वेग सांगितल्याशिवाय ते चालतच नाही. शिवाय मागणी प्रत्यक्ष कधी गेली यापेक्षा ती कधी जायला हवी होती, तिथपासून ते वेळ मोजतं.

निकालाच्या दिवसासाठी

मग वेग ठरवला की काम झालं का? २००६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर, अॅडम विअरमन आणि मोर हार्कोल-बाल्टर यांनी खुल्या आणि बंद पद्धतींची रीतसर तुलना केली. ताण तेवढाच ठेवूनही दोन्हींत उत्तराचा वेळ कित्येक पटींनी वेगळा येतो, हे त्यांनी दाखवलं. शिवाय खरी माणसं या दोन्हींच्या मधली असतात, असंही त्यांनी सांगितलं. माणूस आपल्या मर्जीने येतो, पण आल्यावर एकामागून एक चार पानं मागतो आणि मग जातो. निकाल पाहणाराही तसाच. आधी पहिलं पान, मग बैठक क्रमांक, मग गुण, मग छापील प्रत.

तेव्हा चाचणीची ओळ लिहिताना काही गोष्टी कराव्या लागतात. वेग एकच ठेवू नये. सेकंदाला ५०, १००, २०० असा वाढवत न्यावा आणि उत्तराचा वेळ कुठे एकदम चढू लागतो ते पाहावं. नुसती सरासरी न पाहता, शंभरातल्या शेवटच्या एकाला किती थांबावं लागलं तेही पाहावं. चाचणी करणारा संगणक स्वतःच आधी दमत नाही ना, हे तपासावं, कारण एका संगणकाला एका वेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांनाही मर्यादा असते. आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी: ही चाचणी फक्त स्वतःच्या सर्व्हरवर किंवा मालकाच्या परवानगीने करायची. दुसऱ्याच्या वेबसाइटवर केली तर तो हल्लाच ठरतो.

एवढं करूनही निकालाचा दिवस उरतोच. एर्लांग यांची दोन गृहीतकं आठवा. माणसं स्वतंत्रपणे येतात, हे पहिलं. निकालाला सगळे एक वाजण्याची वाट पाहत असतात, म्हणजे घड्याळच त्यांना एकत्र आणतं. फोन लागला नाही तर माणूस निघून जातो, हे दुसरं. निकाल दिसला नाही तर कोण निघून जातं? तो पुन्हा बटण दाबतो, मग आईचा फोन घेऊन त्यावरही दाबतो. सर्व्हर जितका दमतो तितका भार वाढतो, एबीच्या समंजस माणसांच्या नेमका उलट. अशा दिवसाची चाचणी करायची तर खोट्या माणसांनाही एकदम यायला आणि उत्तर न मिळाल्यास पुन्हा पुन्हा मागायला शिकवावं लागेल.

यावर उपायही गणितातून सुचतो. गर्दी आवरता येत नसली तरी ती पसरवता येते. वर्गात मुलांना विचारून पाहा: पंधरा लाख मुलांना निकाल कळवायचा आहे, सर्व्हर सेकंदाला दोन हजार जणांना उत्तर देऊ शकतो आणि कोणालाही अन्याय झाला असं वाटता कामा नये. सगळ्यांना निकाल द्यायला निदान किती वेळ लागेल? आणि कोणी केव्हा यायचं, हे कसं ठरवावं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर साडेबारा मिनिटं. दुसऱ्याला मुलं जी उत्तरं देतील ती फळ्यावर लिहून घ्या आणि प्रत्येकामागचं गृहीतक त्यांनाच शोधू द्या.