काचेपलीकडचा दिवा

दहावीच्या विज्ञानातला प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा ज्याने मन लावून वाचला आहे, त्याला काचेबद्दलचे बहुतेक सगळे भौतिकशास्त्र ठाऊक आहे. स्नेलचा नियम सतराव्या शतकातला. इब्न सहलने तर तो दहाव्या शतकातच भूमितीच्या रूपात मांडला होता. काचेवर पडलेल्या प्रकाशातला किती परत फिरेल आणि किती आत शिरेल, याचे गणित फ्रेनेलने १८२०च्या दशकात पुरे केले. म्हणजे संगणक जन्माला येण्याच्या शतकभर आधी सगळे नियम तयार होते. तरीही टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याचे हुबेहूब चित्र संगणकाकडून काढून घ्यायला संशोधकांची तीन-चार दशके गेली, आणि ते काम अजून चालूच आहे. असे का व्हावे, हा या पुस्तकाचा विषय. माझे मत आधीच सांगून टाकतो: अडचण नियमांची नव्हतीच, ती वाट शोधण्याची आहे. दिव्यापासून डोळ्यापर्यंत प्रकाश असंख्य वाटांनी येतो. त्यांतल्या कोणत्या वाटा तपासायच्या, हा प्रश्न मातीच्या कुंडीसाठी सोपा आणि काचेच्या पेल्यासाठी महाकठीण आहे.

सुरुवात मात्र झोकात झाली. १९८० साली बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी एक चित्र प्रसिद्ध केले: चौकटीचौकटीच्या लाल-पिवळ्या जमिनीवर तरंगणारे दोन गोळे, एक काचेचा, एक चकचकीत. प्रकाश दिव्याकडून निघतो, पण व्हिटेड यांनी किरण उलटे, डोळ्याकडून सोडले. डोळ्यापर्यंत न पोचणाऱ्या किरणांवर वेळ घालवायचा कशाला? किरण काचेला भिडला की त्याचे दोन करायचे, एक परावर्तित, एक अपवर्तित. दोघांचा माग काढायचा आणि पुढे प्रत्येकाचे पुन्हा दोन. त्या एका चित्राला त्या काळच्या व्हॅक्स संगणकावर ७४ मिनिटे लागली. आज मोबाइलवरचे खेळ हे सेकंदाला अनेकदा करतात, पण कल्पना तीच आहे.

दोन फाटे फोडत गेले की दहाव्या पायरीवर हजाराहून अधिक किरण होतात. त्यावरचा तोडगा काहीसा जुगारी आहे. किरणाचे दोन करायचेच नाहीत. फासा टाकून एकच वाट धरायची. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर सरळ समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी ४ टक्के परत फिरतो. मग शंभरातल्या चार वेळा परावर्तन निवडायचे, शहाण्णव वेळा आत शिरायचे, आणि असे पुष्कळ किरण सोडून सरासरी घ्यायची. तिरक्या कोनात हे प्रमाण झपाट्याने बदलते आणि काचेला अगदी चाटून जाणारा किरण जवळपास पूर्ण परततो. १९८६ साली जेम्स काजिया यांनी या सरासरीमागचे समीकरण मांडले. आजचे बहुतेक वास्तवदर्शी रेंडरिंग, म्हणजे संगणकाने चित्र काढणे, त्याच समीकरणाची उत्तरे शोधत असते.

आता पेल्याच्या सावलीकडे बघू. दिव्याखाली काचेचा पेला ठेवला की टेबलावर सावली पडते आणि सावलीतच एक लखलखीत, वळणदार कवडसा पडतो. या क्षेत्रातले लोक त्याला कॉस्टिक म्हणतात. टेबलावरच्या एखाद्या बिंदूवर किती उजेड आहे हे काढायची नेहमीची रीत अशी, की त्या बिंदूपासून दिव्याकडे सरळ रेषा काढायची आणि मध्ये काही आड येते का ते पाहायचे. इथे पेला आड येतो. रेषा अडली म्हणजे अंधार, असा निष्कर्ष संगणक काढतो आणि पेल्याची सावली विटेच्या सावलीसारखी काळी पडते. प्रकाश खरे तर काचेतून दोनदा वळून तिथे पोचलेला असतो, पण ती वाट सरळ रेषेत सापडत नाही. मग टेबलावरून वाटेल त्या दिशेला किरण सोडून एखादा काचेतून वळत दिव्याला लागतो का, याची वाट बघत बसायचे. दिवा लहान असेल तर लाखांत एखादाच लागतो, आणि तो लागला की चित्रात भलताच प्रखर ठिपका उमटतो. रेंडरिंग करणारे या ठिपक्यांना काजवे म्हणतात आणि त्यांना मनापासून कंटाळलेले असतात. दिवा म्हणजे गणितातला बिंदूच असेल, तर तसा किरण लागण्याची शक्यता शून्य.

दुसरी दिशा साहजिकच सुचते: दिव्याकडून निघावे. हेन्रिक वान येन्सन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर फोटॉन मॅपिंग ही पद्धत आणली. दिव्यातून प्रकाशाचे कण सोडायचे, ते काचेतून जाऊन जिथे पडतील तिथे त्यांची नोंद ठेवायची, आणि डोळ्याकडून येणाऱ्या किरणाने आसपासच्या नोंदी मोजून उजेडाचा अंदाज बांधायचा. कॉस्टिक उमटले, पण आसपासचे मोजण्यात त्यांच्या कडा थोड्या पुसट झाल्या. दोन्ही टोकांकडून निघून मध्ये हातमिळवणी करणारी पद्धतही त्याच दशकातली. तरी पोहण्याच्या तलावाचा तळ तिलाही हुलकावणी देत राहिला. डोळा पाण्याबाहेर, सूर्य पाण्याबाहेर आणि फरशी पाण्याखाली. दोन्ही टोकांकडून येताना पृष्ठभाग मध्ये येतोच, त्यामुळे हातमिळवणीला जागा उरत नाही.

त्यावरचा सर्वात देखणा उपाय कॅरम खेळणाऱ्याला लगेच कळेल. कडेवर आपटून सोंगटी घ्यायची असते तेव्हा कोनाचा नियम पाठ असून भागत नाही. कड कुठे गाठायची ते शोधावे लागते. कसलेला खेळाडू एक अंदाज धरतो, किती चुकतेय ते पाहतो आणि नेम थोडा सरकवतो. काचेच्या पृष्ठभागावर असेच करता येते. वाट जवळपास जुळतेय, पण नियम किंचित मोडतोय, तर तो बिंदू काचेवर थोडा सरकवायचा, पुन्हा तपासायचे, नियम तंतोतंत पाळला जाईपर्यंत. गणितात ही न्यूटनची जुनी रीत. २०१२ साली वेन्झेल याकोब आणि स्टीव्ह मार्शनर यांनी ती या प्रश्नाला लावली, आणि तिच्याच एका सुटसुटीत रूपामुळे २०२२च्या ब्लेंडर ३.२ मध्ये सावलीतले कॉस्टिक मिळू लागले. त्याला मर्यादा आहेत, पण मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते मिळावे, हे थोडेथोडके नव्हे.

वाटेपलीकडेही काचेच्या खोड्या आहेत. पेल्यातल्या पाण्याचेच घ्या. काच आणि पाणी यांच्या सीमेवर परावर्तन अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, म्हणून पाण्याला टेकलेली आतली कड जवळपास दिसेनाशी होते. मॉडेल करणाऱ्याने पाणी आणि काच यांच्यात केसाएवढी फट ठेवली तर तिथे संगणकाच्या दृष्टीने हवा येते, तिरक्या किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि पाण्याभोवती चांदीचा वर्ख चढल्यासारखे दिसते. दोन्ही पृष्ठभाग नेमके एकावर एक ठेवले तर आकडेमोडीतल्या सूक्ष्म फरकांमुळे कधी हा आधी लागतो, कधी तो. २००२ मधला एक उपाय फार व्यवहारी आहे: पाणी मुद्दाम काचेत थोडे घुसवायचे आणि दोहोंना अग्रक्रम द्यायचा, जिथे दोन्ही असतील तिथे काच जिंकते.

रंगाच्या बाबतीत बरेच जण फसतात. खिडकीची काच समोरून रंगहीन दिसते आणि कडेने हिरवी, कारण तिच्यात लोहाचा अंश असतो आणि कडेने पाहताना प्रकाश काचेतून कितीतरी लांब प्रवास करतो. समजा, ४ मिलिमीटर काचेतून एखाद्या रंगाचा ९९ टक्के प्रकाश पार होतो. मग ३०० मिलिमीटर लांबीतून निम्माही होत नाही. म्हणून काचेचा रंग तिच्या पृष्ठभागाला द्यायचा नसतो, आतल्या अंतराला द्यायचा असतो. पृष्ठभाग रंगवलेली बाटली प्लास्टिकची वाटते ती यामुळेच.

न्हाणीघराच्या धुरकट काचेलाही या क्षेत्राच्या इतिहासात मानाचे पान आहे. ब्रूस वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली खडबडीत काचेतून पसरणाऱ्या प्रकाशाचे सूत्र मांडले, आणि त्यातले जीजीएक्स नावाचे वितरण आज धातू, प्लास्टिक, रंगवलेले लाकूड अशा सगळ्यांच्या चकाकीसाठी चित्रपटांत आणि खेळांत वापरले जाते. इंद्रधनुषी अपस्करणाचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी टाकले आहे. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांवर ते नीट भागत नाही, तरंगलांबी हाताळावी लागते. आणि साध्या खिडकीच्या चित्रात त्यावाचून काही अडत नाही.

लबाडीबद्दलही एक शब्द. खिडकीची काच जाडीशिवायचा पापुद्रा मानून किरण सरळ पार करणे, ही स्टुडिओंतली सर्रास रीत आहे. समांतर बाजूंच्या काचेतून किरण फक्त किंचित सरकतो, त्यामुळे तिला माझी हरकत नाही. पेल्याची सावली नुसती फिकट करून कॉस्टिक वगळणे मात्र मला खटकते. घाई असेल तर करा, पण काय वगळले ते ठाऊक असू द्या.

पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहा, काचेच्या एकाच गोळ्याचा. चारही बाजूंना सारखाच पांढरा उजेड ठेवा आणि रंगहीन काच घ्या. परावर्तित आणि अपवर्तित प्रकाशाची बेरीज पूर्ण व्हायला हवी, म्हणून चित्रात गोळा दिसताच कामा नये. कडेला करडे वर्तुळ उमटले, तर एकतर फ्रेनेलच्या सूत्रात गडबड आहे, नाहीतर किरण तुम्ही फार लवकर तोडता आहात. किती वळणांनंतर तोडायचा तो आकडा वाढवून बघा. वर्तुळ तसेच राहिले, तर दुसऱ्या प्रकरणातले सूत्र आपल्या प्रोग्रॅमशी ओळीओळीने ताडून पाहा.