सेंपल लस आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

कुत्रे चावल्यावर पोटावर टोचावयाची चौदा इंजेक्शने महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौली येथे सिद्ध केलेली ही अलर्क रोगावरील लस भारतात मेंढीच्या मेंदूपासून करीत. मुंबईच्या हाफकीन संस्थेतही ती तयार होत असे. तिने असंख्य प्राण वाचविले. मात्र थोड्या लोकांना ती टोचल्यावर काही दिवसांतच पक्षाघात होई. चावलेले कुत्रे पिसाळलेले होते की नाही, हे न कळताच पुष्कळांना लस द्यावी लागे, ही यातील विशेष क्लेशदायक बाब होय.

दोष विषाणूचा नव्हता. तो फिनॉलाने निष्क्रिय केलेला असे. न्यूयॉर्क येथे टॉमस रिव्हर्स यांनी 1933 मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचून असाच विकार उत्पन्न केला. त्यात तंत्रिका तंतूंवरील मायेलिन आवरण नष्ट होते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही तसेच घडते. 1960 मध्ये फिलिप पॅटर्सन यांनी रोगी उंदरांच्या लसीका ग्रंथींतील कोशिकांद्वारे हा विकार निरोगी उंदरांत संक्रमित केला. मायेलिनातील प्रथिन ओळखणाऱ्या टी-कोशिका एवढ्यानेच तो होतो, हे 1981 मध्ये दिसून आले.

साम्य मर्यादित आहे. लशीनंतरचा विकार बहुधा एकदाच होतो, तर मल्टिपल स्क्लेरोसिस वारंवार उलटतो. शिवाय बी-कोशिका नष्ट करणारी औषधेही त्यावर गुणकारी ठरल्याने सर्व दोष टी-कोशिकांना देता येत नाही. भारतात मेंदूजन्य लशीचे उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबले व कोशिका संवर्धनातून मिळविलेल्या लशी रूढ झाल्या.