चार चौकटींचा अल्बम

दहावीत असताना आमच्या चौघांत मिळून बीटल्सची एकच कॅसेट होती, ‘लेट इट बी’. वेष्टनावर काळ्या रंगात चार वेगळ्या चौकटी, चौकटीत एकेकाचा चेहरा. ते बघूनच आम्ही ठरवून टाकलं होतं, हा भांडून वेगळ्या झालेल्यांचा अल्बम.

जगही तेव्हा तसंच समजत होतं. मे १९७० मध्ये तो आला, तेव्हा फूट जाहीर होऊन जेमतेम महिना झाला होता. सोबत आलेला मायकेल लिंडसे-हॉगचा चित्रपट सुमारे ऐंशी मिनिटांचा. त्यातली लक्षात राहिली ती पॉल आणि जॉर्जची गिटारवरून झालेली बाचाबाची.

पण यातलं बहुतेक ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९ चं. म्हणजे ‘अ‍ॅबी रोड’च्या आधीचं! भांडणानंतर त्याच चौघांनी एवढा देखणा अल्बम केला, हा क्रम कुणी ध्यानात घेत नाही. ‘लेट इट बी’च्या टेप मात्र पडून राहिल्या. ग्लिन जॉन्सने त्यातून बांधलेला अल्बम नापसंत झाला आणि शेवटी काम फिल स्पेक्टरकडे गेलं. त्याने ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढवला. पॉल इतका दुखावला, की भागीदारी मोडायला कोर्टात गेला तेव्हा हेही गाऱ्हाणं त्याने मांडलं. २००३ च्या ‘लेट इट बी... नेकेड’मध्ये तो साज उतरवला गेला. गाणं सुधारलं, हे मला मान्य. पण गाण्यांमधल्या गप्पाही कापल्या, आणि त्यांच्याबरोबर ती खोलीच गेली.

ती खोली परत दिसली २०२१ मध्ये. पीटर जॅक्सनने साठेक तासांचं जुनं चित्रण चाळून ‘गेट बॅक’ हा जवळपास आठ तासांचा माहितीपट केला. भांडण त्यातही आहे. १० जानेवारीला जॉर्ज उठून चालता होतो. मग परतही येतो. बिली प्रेस्टन कीबोर्डवर बसतो आणि चौघे खुलतात. अखेर ३० तारखेला, थंडीत, गच्चीवर वाजवतात. जिच्यावर फुटीचं खापर फुटलं ती योको बहुतेक वेळ शेजारी मुकाट बसलेली.

हे इथे लिहायचं कारण वेगळं आहे. गॅदरिंगसाठी आम्हीही चौघांनी बँड केला होता. तीन दिवस आधी बोंगोवाला सोडून गेला आणि ‘त्याने ऐनवेळी दगा दिला’ हे मी पस्तीसेक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. गेल्या दिवाळीत माळा आवरताना आमच्या तालमीची कॅसेट सापडली. पाऊण तासात वाजवणं थोडं, खिदळणं फार. मध्येच एक चिडका आवाज येतो, “तुला जमत नसेल तर नुसता बस.”

आवाज माझा आहे.

तो यंदा मेळाव्याला येतोय म्हणे. कॅसेट मी आणतो. कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर असेल तर त्याने तेवढा आणावा.