विरघळणारी काच

प्रकाश सरळ रेषेतच जातो, असे आपण शिकतो. मोगा (पंजाब) येथे १९२६ साली जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनाही तेच शिकविले गेले. त्यांच्या मनाने ते निमूट स्वीकारले नाही. काचतंतूच्या आतल्या कडेवर आपटून प्रकाश पुन्हा आतच परततो, म्हणून वाकड्या तंतूतूनही तो पलीकडे पोचतो. लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह कपानींनी तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखविले. १९५४ साली तो निबंध ‘नेचर’मध्ये आला. १९५७ साली अमेरिकेत अशाच जुडीने जठर आतून पाहिले गेले.

परंतु ही काच शरीरात विरघळत नाही. आत ठेवली तर काढावीच लागते. १९६९ साली लॅरी हेंच यांनी हाडाशी जुळणारी काच बनविली. पुढे इटलीत तुरिनच्या संशोधकांनी कॅल्शियम-फॉस्फेटच्या, म्हणजे हाडांतल्याच द्रव्यांच्या, काचेचे प्रकाशवाहक तंतू ओढले. काम संपल्यावर ते आपोआप विरावेत आणि रुग्णाची दुसरी शस्त्रक्रिया टळावी, हा हेतू. अद्याप पुष्कळ चाचण्या बाकी आहेत.

दूरसंचाराचे काचतंतू आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरातही बनतात. मग विरणारा तंतू नाशिकच्या विद्यार्थ्याने का ओढू नये? पालकहो, मुलाने ‘असेच का?’ विचारले तर त्याला गप्प बसवू नका.