मैलांचें नाणें

व्यापारी गिऱ्हाइकास कांहीं फुकट देऊं लागला, कीं त्याची अडचण कोणती हें आधीं पाहावें. अमेरिकेंतील विमान-कंपन्यांच्या 'मैलां'चा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. आज अटलांटिक महासागरावरून पहिल्या वर्गांत पाय पसरून निजत जाणाऱ्या कित्येक उतारूंनीं कर व किरकोळ आकार तेवढे रोख भरलेले असतात. बाकीचें मोल त्यांनीं मैलांत चुकविलेलें असतें.

१९७८ पर्यंत अमेरिकेंत विमानांचे मार्ग व भाडीं सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षीं नवा कायदा होऊन तें बंधन सैल झालें आणि भाड्यांची चढाओढ माजली. विमानांतील खुर्ची हा माल भाजीहूनहि नाशवंत. भाजी सायंकाळीं पडत्या भावानें तरी खपते. पण विमान वर गेलें, कीं रिकाम्या खुर्चीचें मोल शून्य! मग ती नेहमींच्या उतारूस बक्षीस कां देऊं नये? असे एकदोन प्रयोग लहान कंपन्यांनीं पूर्वीं केले होते. परंतु अमेरिकन एअरलाइन्सपाशीं 'सेबर' हा आरक्षणाचा संगणक होता. त्यांत तेच ते दूरध्वनि-क्रमांक पुनःपुन्हां कोठें येतात हें पाहून जुने उतारू हुडकण्यांत आले आणि १ मे १९८१ रोजीं 'ॲडव्हांटेज' ही योजना निघाली. जितका प्रवास तितके मैल खात्यावर जमा. ठराविक संख्या भरली, कीं फुकट तिकीट अथवा वरच्या वर्गांत जागा. युनायटेडनें आठवड्याच्या आंतच तीच वाट धरली.

खरें स्थित्यंतर १९८७ सालीं झालें. सिटीबँकेच्या क्रेडिट कार्डावर खर्च केल्यास अमेरिकनचे मैल मिळूं लागले. बँक हे मैल कंपनीकडून पैसे मोजून विकत घेई. म्हणजे बक्षिसाचा आतां विक्रीचा माल झाला! १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका अभियंत्यानें एका खाद्य-कंपनीची जाहिरात बारकाईनें वाचून पुडिंगच्या १२,००० हून अधिक वाट्या खरेदी केल्या आणि १२ लाखांवर मैल पदरांत पाडले. कंपनीचें गणित चुकलें, त्याचें चुकलें नाहीं. १९९७ मध्यें पांच कंपन्यांचा 'स्टार अलायन्स' हा संघ झाल्यावर एकीचे मैल दुसरीच्या परदेशी विमानांतहि चालूं लागले.

मात्र हें नाणें पाडणारा व त्याचा भाव ठरविणारा एकच. १९८८ सालीं अमेरिकननें बक्षिसाच्या जागांवर व तारखांवर नवीं बंधनें घातलीं, तींहि आधीं जमविलेल्या मैलांना लागू करून. उतारू न्यायालयांत गेले. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्याच्या ग्राहक-कायद्याचा आधार नाकारला, परंतु करारभंगाची फिर्याद चालूं शकेल असें म्हटलें. तें दारहि पुढें अरुंदच ठरलें. २०१४ च्या एका खटल्यांत, वारंवार तक्रारी करतो म्हणून योजनेंतून काढलेल्या सभासदाविरुद्ध त्याच न्यायालयानें एकमतानें निकाल दिला. २०१५ पासून डेल्टा व युनायटेड, आणि २०१६ पासून अमेरिकन, अंतराऐवजीं तिकिटाच्या किंमतीवर मैल देऊं लागल्या. मैल हा शब्द तेवढा उरला. डेल्टानें तर कोणत्या प्रवासास किती मैल लागतील याचें कोष्टकच २०१५ मध्यें काढून टाकलें. वर्षानुवर्षें शिल्लक सांभाळणाऱ्या काटकसरी उतारूचेंच यांत अधिक नुकसान, हें उघड आहे.

२०२० च्या साथींत विमानें जमिनीवर खिळलीं, तेव्हां युनायटेडनें आपली मैल-योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टानें ९०० कोटी.

मुंबईकरांनीं याहून चमत्कारिक प्रकार आधींच पाहिला होता. एप्रिल २०१९ मध्यें जेट एअरवेजचीं उड्डाणें बंद पडलीं. तिची मैल-योजना निराळ्या कंपनीकडे असल्यामुळें सभासदांचे मैल खात्यावर तसेच राहिले. नोव्हेंबरांत योजनेस 'इंटरमाईल्स' हें नवें नांव मिळालें, आणि ज्या लंडनच्या विमानांतील पहिल्या वर्गासाठीं कित्येकांनीं ते सांठविले होते, तें विमान नसतांना ते इतर कंपन्यांच्या तिकिटांवर खर्च होऊं लागले.